पुण्यातले टोस्टमास्टर्स क्लब : नुसतं बघून यावं की सभासद व्हावं?

मितभाषी

पुण्यातल्या काही टोस्टमास्टर्स क्लबांच्या (चारचौघांत भाषण करायचा सराव करतात ते क्लब) सभांना मी अलीकडे पाहुणी म्हणून जाऊन आले. सभासद व्हायचं जवळजवळ नक्की आहे, पण कुठल्या क्लबात हे ठरत नाहीये. इथे जुने सभासद असतील, क्लब सोडलेलेही असतील. दोघांचंही ऐकायचंय. आधी मला काय दिसलं ते लिहिते, म्हणजे 'हे असतं तरी काय' असं विचारणाऱ्यांचीही सोय होईल.

पहिली गोष्ट, हा क्लास नाही. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे वायएमसीएच्या इमारतीत २२ ऑक्टोबर १९२४ ला पहिला क्लब भरवला आणि तेव्हाचा साचा आजही बराचसा तसाच आहे. शिकवायला मास्तर नसतो. सभासदच बोलतात, सभासदच ऐकतात आणि सभासदच एकमेकांच्या भाषणांचं मूल्यमापन करतात.

सभेचे ढोबळ तीन भाग. घरून तयार करून आणलेली भाषणं, बहुतेक पाच ते सात मिनिटांची. मग टेबल टॉपिक्स, म्हणजे ऐनवेळी विषय हातात पडतो आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. मग मूल्यमापन : ज्यांनी तयारीचं भाषण केलं त्या प्रत्येकाबद्दल एकेक सभासद उभा राहून दोन-तीन मिनिटं बोलतो. याभोवती बरीच कामं वाटलेली असतात. त्या दिवसाचा सूत्रधार म्हणजे टोस्टमास्टर ऑफ द डे. वेळ बघणारा टायमर. 'अं', 'म्हणजे', 'यू नो', 'बेसिकली' मोजणारा ॲ-काउंटर. भाषेकडे कान ठेवणारा ग्रामेरियन, जो दिवसाचा एक शब्दही देतो आणि सगळे तो ओढूनताणून वापरतात. खुर्च्या, दार, स्वागत बघणारा सार्जंट ॲट आर्म्स. आणि जनरल इव्हॅल्युएटर, जो अख्ख्या सभेवर बोलतो, मूल्यमापन करणाऱ्यांवरही.

टायमरकडे हिरवं, पिवळं, लाल कार्ड असतं. टेबल टॉपिक्सला एक मिनिट झालं की हिरवं, दीडला पिवळं, दोनला लाल. स्पर्धा असेल तर त्यापुढे अर्धा मिनिट माफ, मग बाद. सत्कार समारंभात 'दोन शब्द' बोलायला उठून वीस मिनिटं माईक न सोडणारी आमच्या सोसायटीतली काही मंडळी डोळ्यासमोर आली.

सभा दिलेल्या वेळेला सुरू होते. रविवारी सकाळी, पुण्यात! पाहुण्यांना पैसे पडत नाहीत. मात्र शेवटी 'कसं वाटलं' म्हणून पाहुण्यांना उभं करतात. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवते. दोन वाक्यं मनात घेऊन जा. टेबल टॉपिक्सलाही विचारतात, पण नको म्हटलं तर कोणी आग्रह धरत नाही.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागातल्या आयटी कंपन्यांचे आपापले क्लब असतात, त्यातले बरेचसे फक्त कर्मचाऱ्यांसाठी. आपण कम्युनिटी क्लब, म्हणजे सगळ्यांना खुले असलेले, बघायचे. टोस्टमास्टर्सच्या साइटवर 'फाइंड अ क्लब'मध्ये आपला पत्ता टाकला की जवळचे क्लब, वार, वेळ, ऑनलाइन येता येतं का, सगळं दिसतं. तरी निघण्याआधी क्लबाला मेसेज टाकावा. जागा बदलते आणि साइटवर जुनीच राहते.

आता माझा घोळ. दोन क्लबांवर येऊन थांबले आहे. पहिल्यात एकेक वक्ता असा की ऐकत राहावं. एकाने तर वडिलांच्या रिक्षावरून असं काही रंगवलं की मागची रांग डोळे पुसत होती. पण मूल्यमापन आलं आणि 'ग्रेट जॉब', 'सो इन्स्पायरिंग', 'फक्त थोडा व्हॉइस मॉड्युलेशनवर काम कर'. तिन्ही भाषणांना जवळपास तेच. दुसऱ्या क्लबात भाषणं बेताची. एक मुलगा तर मधेच विसरून कागद शोधत बसला. पण त्याच्यावर बोलणाऱ्या बाईंनी जे सांगितलं ते ऐकून मीच वहीत लिहून घेतलं. नवरा म्हणतो चांगले वक्ते आहेत तिथे जा, संगतीने सुधारशील. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला

वाचतोय. पण वर्गणी भरून एकमेकांना टाळ्या वाजवायच्या, यात नेमकं शिकतात काय?

ज्या गावात वक्तृत्वोत्तेजक सभा आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या गावात अजून चालते, त्या गावाने बोलायला अमेरिकेकडून शिकायचं? एप्रिल-मे मध्ये टिळक स्मारकला जाऊन बसा. आम्ही प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांना ऐकलंय. हातात कागदाचा कपटा नाही आणि तासभर ऐकलं तरी घड्याळाकडे लक्ष जात नसे. त्यांच्यासमोर कोण हिरवं कार्ड दाखवणार होतं?

हिरवंपिवळंलाल

मितभाषी, दुसरा क्लब. उत्तर संपलं. आता लिहायला बसलोच आहे तर कारणही सांगतो.

मी बरीच वर्षं सभासद आहे, बहुतेक पदं भोगून झाली आहेत. पाहुणे येतात ते भाषणं ऐकून एकतर भारावतात नाहीतर घाबरतात. दोन्हीचा उपयोग नाही. त्या दिवशी जो रिक्षावर सुरेख बोलला त्याने कदाचित कॉलेजात नाटकं केली असतील, किंवा तो दुसऱ्या क्लबात घडून इथे आला असेल. या क्लबाने त्याला काय दिलं, हे त्याच्या भाषणावरून कळत नाही. तुम्हाला काय मिळणार आहे हे फक्त मूल्यमापनावरून कळतं, कारण तुम्ही भाषण करून खाली बसल्यावर हातात तेवढंच पडतं.

काय ऐकायचं ते सांगतो. बोलणाऱ्याने भाषणातली एखादी नेमकी जागा धरली का? 'देहबोली छान होती' हे डोळे मिटूनही म्हणता येतं. 'आजोबांचा प्रसंग आला तेव्हा तुम्ही एक पाऊल मागे सरकलात, आवाज पडला आणि शेवटचं वाक्य मागच्या रांगेपर्यंत आलं नाही' हे म्हणायला भाषण ऐकावं लागतं. मग, पुढच्या वेळी काय करून बघायचं ते सांगितलं का? सुधारणा शंभर असतात, त्यातली एखाद-दुसरी निवडून देणं हे मूल्यमापकाचं काम. सात सूचना दिल्या तर माणूस घरी जाऊन एकही करत नाही.

अजून एक. ज्याचं मूल्यमापन चाललंय त्याच्याकडे बघा. तो लिहून घेतोय की हसून मान डोलावतोय? आणि जनरल इव्हॅल्युएटर बोलायला उठला की कान टवकारा. 'आजची मूल्यमापनं उत्तम झाली' एवढंच म्हणून तो पुढे गेला तर त्या क्लबात कोणी कोणाला काही सांगत नाही असं खुशाल समजा. आमच्याकडे मला एकदा जनरल इव्हॅल्युएटर बाईंनी सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, की तुम्ही स्तुती केलीत ती भाषणाची नव्हे, माणसाची. त्या दिवशी राग आला, पण बाई बरोबर बोलत होत्या.

संस्थेचा अभ्यासक्रम 'पाथवेज' नावाचा आहे. आपण एक वाट निवडायची, प्रत्येक वाटेला पाच लेव्हल. पहिलं भाषण 'आइस ब्रेकर', चार ते सहा मिनिटं, विषय म्हणजे आपण स्वतःच. पहिल्याच लेव्हलमध्ये असा एक प्रकल्प आहे की एक भाषण करा, त्यावर मिळालेल्या सूचना वापरून पुन्हा भाषण करा, आणि मग स्वतः दुसऱ्या कोणाचं तरी मूल्यमापन करा. म्हणजे ऐकणं हा अभ्यासक्रमाच्या पायातच घातलेला आहे. बरेच क्लब हे उरकून टाकतात, तो भाग वेगळा.

आजी बसथांब्यावरच्या

पेठेतला, मी तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं, वक्तृत्व स्पर्धांच्या मुलांची तयारी करून घेतली, आणि तुम्ही म्हणता त्या व्याख्यानमालेला अजूनही जाते. तरी निवृत्तीनंतर या क्लबात नाव घातलं.

कुस्ती बघायची तर फडात जावं, शिकायची तर तालमीत. व्याख्यानमालेत एक बोलतो, पाचशे ऐकतात. त्या पाचशेतल्या एखाद्याला बोलायचं असेल तर त्याने कुठे जायचं? शिवाजीरावांना ऐकून कान तयार होतात हे खरं, पण जीभ तयार होत नाही.

आणि आपल्या शाळांतल्या वक्तृत्वाबद्दल तर न बोललेलं बरं. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' पासून शेवटच्या शेरापर्यंत सगळं बाईंनी लिहून द्यायचं, मुलाने घोकायचं, ठरलेल्या ठिकाणी मूठ आवळायची. मीच लिहून द्यायची ना! बक्षीस मिळायचं. दहावीनंतर त्यातली निम्मी मुलं चार लोकांत स्वतःचं एक वाक्य बोलायला लाजायची. क्लबात माझ्या पहिल्या भाषणावर पंचविशीतल्या एका पोराने सांगितलं, "मॅडम, तुम्ही आमच्याशी बोलत नव्हता, समोरच्या भिंतीशी बोलत होता." असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. बाई होते ना मी, कोण म्हणणार?

पेठेतला

आजी, तालमीचं मान्य. पण ते 'सँडविच' मूल्यमापन म्हणतात ते? आधी गोड, मधे थोडं तिखट, पुन्हा गोड. नाटकी वाटतं हो. भाषण वाईट झालं तर वाईट झालं म्हणावं. आपल्याकडे तोंडावर सांगायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे.

मितभाषी

पेठेतला, मीही इथलीच आहे, तोंडावर सांगणाऱ्यांतच वाढले. पण तोंडावर सांगणारे नेमकं सांगतात असं कुठे आहे? 'काही दम नव्हता', 'लांबलं फार', 'हिच्यापेक्षा तिची बहीण बरी बोलते'. हे ऐकून बोलणाऱ्याने करायचं काय? 'ग्रेट जॉब'ने हाती काही लागत नाही, तसं 'दम नव्हता'नेही लागत नाही. दोघांनीही भाषण ऐकलेलं नसतं.

त्या दुसऱ्या क्लबातल्या बाईंचं सांगते. तो मुलगा विसरला, कागद शोधला, घाम पुसला. मला वाटलं आता या 'टेन्शन घेऊ नकोस, होतं असं' म्हणणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही विसरलात ते आम्हाला कळलंच नव्हतं. तुम्ही 'सॉरी' म्हणालात तेव्हा कळलं. पुढच्या वेळी विसरलात तर गप्प उभे राहा, आमच्याकडे बघा, तीन सेकंद. आम्हाला वाटेल तुम्ही मुद्दाम थांबलात." आणि मग, "भाषणाचा सांगाडा पाठ करा, वाक्यं नको. तुम्ही वाक्य विसरलात, मुद्दा विसरला नव्हतात." ना गोड ना तिखट. तो मुलगा खरोखर लिहून घेत होता.

हिरवंपिवळंलाल

त्या बाईंच्या क्लबात जा. परत परत काय विचारता!

पेठेतला

तीन सेकंदांचं पटलं. बाकी राखून ठेवतो.

रामराम ठोकला

नाण्याची दुसरी बाजू लिहितो. मी पूर्व भागातल्या एका क्लबात होतो, नाव घेत नाही. सुरुवातीला फार आवडलं. पुढे पुढे भाषणापेक्षा इतर गोष्टी वाढत गेल्या. क्लबाला वर्षाला दहा उद्दिष्टं असतात : इतक्या जणांनी इतक्या लेव्हल पूर्ण केल्या, इतके नवे सभासद आले, पदाधिकाऱ्यांनी प्रशिक्षण घेतलं, वगैरे. त्यावर क्लबाला 'डिस्टिंग्विश्ड' असा दर्जा मिळतो. वर्ष संपतं ३० जूनला. एप्रिल उजाडला की व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तुझी लेव्हल टू राहिली आहे', 'या आठवड्यात दोन भाषणं करून टाक' सुरू. भाषण करून टाकायचं म्हणजे काय? मी कामाच्या गडबडीत कसंबसं उरकायचो, मूल्यमापन करणारा 'छान' म्हणायचा, फॉर्मवर टिक. पदाच्या निवडणुकीला गटबाजी वेगळीच. सगळेच स्वयंसेवक, कोणाला पगार नाही, आणि तरी आमदारकीसारखं चालायचं. सोडलं.

वाईट संस्था आहे असं म्हणणं नाही. क्लब बघून घ्या एवढंच.

हिरवंपिवळंलाल

रामराम, खरं आहे ते. उद्दिष्टं मुळात क्लब मरगळू नयेत म्हणून ठेवलेली, पण वर्षअखेर जवळ आली की शेपूट कुत्र्याला हलवायला लागतं. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो की शक्यतो जूनमध्ये क्लब बघायला येऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये या, नवी कार्यकारिणी ताजीतवानी असते आणि कोणाच्या मागे काही लागलेलं नसतं. आणि क्लब बदलता येतो, सभासदत्व दुसऱ्या क्लबाकडे नेता येतं. लोक ते न करता थेट सोडूनच देतात.

बार्शीचा

माझा अनुभव इथे उपयोगी पडेल बहुतेक. दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंजिनिअरिंगला पुण्यात. पुण्यातले बहुतेक क्लब इंग्रजीत चालतात, त्यामुळे मी दोन वर्षं नुसता विचारच करत होतो. ग्रामेरियन म्हणजे तर पेपर तपासणारा मास्तर वाटायचा, लाल पेन घेऊन बसलेला.

गेलो तर तसं काही नाही. ग्रामेरियन चुका सांगतो, पण आधी कोणी काय छान शब्द वापरला ते सांगतो, आणि माझ्यापेक्षा जास्त चुका कॉन्व्हेंटवाल्या एकाच्या निघाल्या, कारण तो माझ्या दुप्पट वेगाने बोलत होता. माझ्या आइस ब्रेकरवर मूल्यमापक इंग्रजीबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "तुझ्या गावच्या बाजाराचं सांगत होतास तेव्हा चेहरा उजळला होता आणि नोकरीवर आलास तेव्हा बायोडेटा वाचायला लागलास. अख्खं भाषण बाजारावर का नाही केलंस?" पुढचं भाषण मी गुरांच्या बाजारात भाव ठरवताना उपरण्याखाली हात धरून बोटांनी बोलतात त्यावर केलं. शब्द अडले की हात करून दाखवायचो. आजवरचं माझं सगळ्यांत चांगलं भाषण तेच.

इंग्रजी सुधारलं का? थोडं. पण इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसायचं, ते गेलं.

कृष्णाकाठ

मराठीत नसतात का क्लब?

हिरवंपिवळंलाल

क्लब कोणत्याही भाषेत चालवता येतो, द्विभाषिकही चालतो. संस्थेची आडकाठी नाही. साइटवर शोधताना भाषा तपासून बघा. नवा क्लब उभा करायचा तर साधारण वीस सभासद जमवावे लागतात, म्हणजे अशक्य नाही. अडचण आहे ती पाथवेजच्या साहित्याची. ते इंग्रजीशिवाय अरबी, चिनी, फ्रेंच, जपानी, कोरियन वगैरे भाषांत आहे. भारतीय भाषांपैकी तमिळमध्ये आहे. मराठीत नाही. वाचायचं इंग्रजीत आणि बोलायचं मराठीत, असं करावं लागतं.

पेठेतला

तमिळमध्ये आहे आणि मराठीत नाही?! आता मात्र मला सभासद व्हावं लागेल.

आजी बसथांब्यावरच्या

या की. वीसातले एक तुम्ही, एक मी. अठरा शोधा.

दबक्या आवाजात

पहिल्यांदाच लिहितोय. मला लहानपणापासून बोलताना अडखळायला होतं. 'प' आणि 'म'वर विशेष. त्या ॲ-काउंटरची भीती वाटते. माझं अडखळणं मोजून सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवतील का? आणि दोन मिनिटांत लाल कार्ड आलं तर माझं अर्धं वाक्यही झालेलं नसेल.

हिरवंपिवळंलाल

दादा, आधीच सांगून ठेवा. क्लबात 'व्हीपी एज्युकेशन' म्हणून पदाधिकारी असतो, कोण कधी बोलणार हे तो ठरवतो. त्याच्या कानावर घाला की मला असं होतं, माझं अडखळणं मोजू नका. ॲ-काउंटर मोजतो ते भरीचे शब्द. अडखळणं हा भरीचा शब्द नव्हे. समजूतदार क्लबात कोणी आकडा वाचणार नाही, आणि वाचला तर तो क्लब तुमचा नव्हे. लाल कार्डाचं म्हणाल तर रोजच्या सभेत लाल दिसल्यावर वाक्य पूर्ण करायला कोणी मना करत नाही. फार तर त्या दिवशीच्या 'बेस्ट स्पीकर'च्या मतदानातून नाव जाईल. जाऊ दे.

संस्थेची दर वर्षी जागतिक भाषण स्पर्धा होते. २०१५ मध्ये ती जिंकली सौदी अरेबियाच्या मोहम्मद कहतानी यांनी. ते लहानपणी अडखळत बोलत. ऑनलाइन मिळेल ते भाषण, बघा. तुम्हीही जिंकाल असं मी म्हणत नाही. तिथे असे लोक असतात, एवढंच.

दबक्या आवाजात

धन्यवाद. बघतो.

नववीची आई

मुलगा नववीत आहे. गणपतीत सोसायटीत निवेदन करतो. क्लबात घेतील का? आणि मला एकटीला संध्याकाळच्या सभेला जायला ठीक आहे ना? नवऱ्याला यात रस नाही.

मितभाषी

सभासदत्वाला वयाची अट १८ वर्षं पूर्ण. लहान मुलांसाठी 'गॅव्हल क्लब' असा वेगळा प्रकार आहे आणि 'यूथ लीडरशिप प्रोग्राम' म्हणून आठ सत्रांचा उपक्रम क्लब शाळांत घेतात. तुमच्या जवळच्या क्लबाला विचारा, कोणी पुढाकार घेतला तर शाळेतच होईल.

एकटीचं म्हणाल तर मी एकटीच फिरले. मी गेले त्या क्लबांत बायका भरपूर होत्या, काही ठिकाणी अध्यक्षाही. गंमत अशी की या संस्थेत १९७३ पर्यंत बायकांना अधिकृत प्रवेशच नव्हता! हेलन ब्लँचर्ड नावाच्या बाईंनी त्याआधी, १९७० मध्ये, कागदोपत्री 'होमर' असं पुरुषी नाव लावून क्लबात प्रवेश घेतला आणि १९८५ मध्ये त्याच संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या.

संध्याकाळचं अंतर जड वाटत असेल तर मेट्रोच्या वाटेवरचा क्लब बघा. वनाज-रामवाडी मार्ग झाल्यापासून कोथरूडहून कल्याणीनगरला जाणं पूर्वीसारखं दिव्य राहिलेलं नाही. नाहीतर ऑनलाइन. पण ऑनलाइन सभेत बोलायची भीती जाते, उभं राहायची तशीच राहते. माझं निदान असं झालं.

आबा नानांचे

कोणी खर्चाचं नीट लिहील का? आकडा कोणी बोलतच नाहीये.

हिशेबनीस

मी आमच्या क्लबाचा खजिनदार होतो. आंतरराष्ट्रीय वर्गणी सहा महिन्यांची ६० डॉलर, म्हणजे महिन्याला १० डॉलर. नव्या सभासदाला एकदाच २० डॉलर प्रवेश शुल्क वेगळं. रुपयांत किती ते डॉलरच्या त्या दिवसाच्या भावावर, सहामाही पाच हजारांच्या आसपास धरून चाला. त्यावर क्लबाची स्थानिक वर्गणी, ती प्रत्येकाची निराळी. ज्यांना शाळेची खोली किंवा सोसायटीचा हॉल फुकट मिळतो त्यांची कमी, भाड्याने हॉल घेणाऱ्यांची जास्त. विचारताना लाजू नका, एकूण किती आणि त्यात काय काय, हे लिहून मागा.

पाहुणा म्हणून फुकट येता येतं, पण भाषणाचा प्रकल्प करता येत नाही आणि पाथवेज मिळत नाही. काही लोक फुकट्या पाहुण्यासारखे महिनोन्‌महिने येतात, हसून घेतो आम्ही.

पेठेतला म्हणाले त्या टाळ्यांबद्दल. व्यक्तिमत्त्व विकासाचे वीकेंड क्लास याहून कितीतरी जास्त घेतात आणि दोन दिवसांत तुम्हाला एकदा उभं करतात. इथे महिन्यातून दोन-तीनदा तरी काही ना काही कारणाने उभं राहावं लागतं. टायमर झालात तरी अहवाल उभं राहूनच द्यायचा असतो.

मितभाषी

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा दुसऱ्या क्लबात जाऊन आले. या वेळी टेबल टॉपिक्सला हात वर केला. विषय होता 'तुमच्या घरातली सगळ्यांत निरुपयोगी वस्तू'. मी ट्रेडमिलवर बोलले, ज्यावर आमच्याकडे टॉवेल वाळतात. पिवळं कार्ड दिसलं तेव्हा सांगण्यासारखं सगळं संपलं होतं आणि मी तेच वाक्य फिरवून फिरवून पुन्हा म्हटलं. टेबल टॉपिक्सवर बोलणारे गृहस्थ म्हणाले, "टॉवेलवर हशा आला तिथेच 'धन्यवाद' म्हणून बसायला हवं होतं. हिरवं झालेलं होतं, लाल होईपर्यंत थांबायची सक्ती नाही."

नवऱ्याला हे सांगितलं, तो म्हणाला हे मी तुला वीस वर्षं सांगतोय.

फॉर्म घेऊन आले आहे. एकच शंका. सहामाही १ ऑक्टोबरपासून असते ना? मग आत्ता मधेच भरून पूर्ण सहा महिन्यांचे पैसे वाया घालवण्यापेक्षा ऑक्टोबरपर्यंत पाहुणी म्हणूनच जात राहू का?

हिशेबनीस

अजिबात नको. सहामाही १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरपासून असते, पण मधे आलात तर उरलेल्या महिन्यांचेच पैसे घेतात. प्रवेश शुल्क मात्र पूर्ण. फॉर्म खजिनदाराकडे द्या आणि पावती मागून घ्या. आणि पहिल्या भाषणाची तारीख त्याच दिवशी व्हीपी एज्युकेशनकडून ठरवून घ्या, नाहीतर ती 'पुढच्या महिन्यात बघू'वर जाते.

पेठेतला

कुठे भरतो म्हणालात हा क्लब? गाडी लावायला जागा आहे का?